गावठी खुंट

द्वारका घाडीच्या हातचं कलम मरत नाही, अशी वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात बोलवा होती. बोलवाच, त्यापलीकडे काही नाही. चौदाव्या वर्षी ती रोपवाटिकेत रोजावर लागली आणि पुढची तीस वर्षं उकिडवी बसून कलमं बांधत राहिली. दिवसाला दीडशे. डाव्या अंगठ्यावर चाकूच्या इतक्या रेघा, की सरकारी यंत्रावर तिचा ठसा कधी धड उमटला नाही. तिच्या हाताखालून आंब्याच्या तीन नव्या जाती निघाल्या. एकीला मालकाच्या आईचं नाव मिळालं, दुसरीला उद्घाटनाला आलेल्या मंत्र्याच्या नातीचं आणि तिसरीला मालकाच्या बोटीचं. बोटीचं! बांधणाऱ्या बाईचं नाव फळाला द्यावं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. द्वारकेच्या डोक्यातून मात्र ते कधी गेलं नाही.

मग रात्री थंड पडायच्या थांबल्या.

आंबा मोहोर धरतो तो थंडीच्या भरवशावर. पौष-माघात रात्रीचा पारा पंधरा-सोळावर उतरला, की झाडाला कळतं, पालवी पुरे, आता फुलायला घ्या. २०३५ नंतर पारा विसाच्या खाली यायचंच विसरला. झाडं हिरवीगार, तजेलदार, आणि फळाच्या नावाने शून्य. बागा तुटल्या, रोपवाटिका बंद पडली. रोजावरच्या बायांना नोटीस देत नाहीत. त्यांना म्हणतात, "उद्या येऊ नको."

द्वारका नवऱ्याबरोबर तळोज्याला आली, मुलाने घेतलेल्या नवव्या मजल्यावरच्या घरात. मुलगा रोशन जहाजावर, वर्षाचे नऊ महिने पाण्यात. घरात दोघंच. दत्ताराम एसटीचा निवृत्त कंडक्टर, जुन्या काळचा. तिकिटांची पेटी आणि टकटक पंच वाजवून सुरुवात केलेला. उभा जन्म घाटातली धूळ खाल्ली, म्हातारपणी दमा पदरात पडला. दिवसातून चार वेळा तोंडात पंप, आणि रात्र उशांना टेकून बसून काढायची.

त्याच सुमारास बाजारात जोडकांडी आली.

ही काय चीज होती ते समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. आंब्याचं कलम आंब्यावर बसतं, चिकूचं खिरणीवर, कारण ती एकमेकांची सोयरी. फणसाची काडी आंब्यावर बांधा, पंधरा दिवसांत वाळून जाईल. दोन जखमा समोरासमोर ठेवल्या तरी प्रत्येक झाड आपली जखम आपली आपण बुजवतं, परक्याला आत घेत नाही. हा धडा ते माणसांकडून शिकलं की माणसं त्याच्याकडून, देव जाणे. तंबाखूच्या कुळातली काही झाडं मात्र याला अपवाद. त्यांच्या कापलेल्या पेशींतून एक रस सुटतो, तो समोरच्या पेशीची भिंत मऊ करतो आणि दोघी एकमेकींना चिकटतात. समोर कोण आहे, कुठल्या घरचा आहे, हे तंबाखू विचारत नाही. शास्त्रज्ञांनी हा गुण वाढवून बोटभर लांबीचं कांडं तयार केलं. खाली खुंट, मध्ये हे कांडं, वर कुठल्याही झाडाची काडी. जोड बसलाच म्हणून समजा.

खरी गंमत जोडाच्या गाठीत होती. एका कांड्यावर दोन वेगळ्या झाडांच्या काड्या बांधल्या, की गाठीत दोघांच्या पेशी एकमेकींत घुसतात, केंद्रकातला ऐवज इकडचा तिकडे होतो, आणि शंभरातून एखाद्या वेळी त्या गाठीतून असा कोंब फुटतो जो दोघांचाही असतो. ना बी, ना परागकण, ना दहा वर्षांची वाट. कुंडीतलं झाड आठ महिन्यांत फळतं, आणि त्याला थंडीचीही गरज नाही. दोन वर्षांत मुंबईपासून पनवेलपर्यंत गॅलऱ्या फळांनी भरल्या. कुणाकडे चिकूच्या चवीचा पेरू, कुणाकडे जांभळ्या गराचं पपनस. जो तो फळांचा ब्रह्मदेव.

कंपनीच्या खोक्यात कांडं असायचं, पट्टी असायची, आणि पिशवीत एक पांढुरकं रोप असायचं, खुंट म्हणून. खोक्यावर छापलेलं: "सोबत दिलेलाच खुंट वापरावा." का, ते छापलेलं नव्हतं. साहेब लोकांना 'का' सांगायची सवय नसते. सांगितलं तर समोरच्याला अक्कल आहे असं कबूल करावं लागतं.

द्वारकेने खोक्यातला खुंट दोनदा लावला. शेहेचाळीस अंशांची गॅलरी आणि बोअरचं खारट पाणी. दोन्ही वेळा आठवड्यात मान टाकली त्याने. इमारतीमागे डंपिंगच्या भिंतीला लागून, त्याच उन्हात, त्याच खाऱ्या मातीत एक झाड मात्र हत्तीच्या कानासारखी पानं पसरून उभं होतं, पांढरे कर्णे मिरवत. धोतरा.

तीस वर्षं तिने एकच मंत्र जपला होता: काडी जातिवंत घ्या, खुंट गावठी घ्या. तिने चार रोपं मुळासकट उपटून आणली.

"गो, धोतऱ्यार बांधतलंस?" दत्ताराम खुर्चीतून ओरडला. "सोमवारी म्हादेवाक घालतत तो? विखारी आसा तो!"

"मगे? वांगा, मिरची, तंबाखू, धोतरो, सगळी एकाच घराण्यातली. आता बघा कांडी कशी बसता ती."

"आणि विख?"

"खुंटाचा विख फळात कसा येतला? तीस वर्सां मी रायवळार हापूस बांधलंय. रायवळ आंबट ढाण. हापूस कदी आंबट लागलो तुमका? खुंट देता पाणी, चव देता काडी."

"तू म्हणतंस तर तसा," दत्ताराम म्हणाला. "आमी आपले घंटी मारणारे. गाडी तुझी."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आंब्याच्या बाबतीत शंभर टक्के खरं होतं. पण आंब्याखाली आंबाच असतो, आणि त्याच्या मुळात कुणाला मारण्यासारखं काही नसतं. तीस वर्षांत तिने एकाच प्रश्नाचं उत्तर लाख वेळा तपासलं होतं. दुसरा प्रश्न तिला कुणी घातलाच नव्हता. धोतऱ्याचं विष तयार होतं त्याच्या मुळात. तिथून ते पाण्याबरोबर वर चढतं, आणि वर पान कुणाचं, फळ कुणाचं, याची चौकशी करत नाही. शिवाय झाड जितकं होरपळेल, तितकं मूळ जास्त विष करतं. खोक्यातला पांढुरका खुंट मरतुकडा होता खरा, पण त्याच्या मुळातलं विष मारून मगच तो पिशवीत भरलेला होता. ते 'का' खोक्यावर छापायला एक ओळ लागली असती.

पहिल्या वर्षी दोन झाडं फळली. हापूस आणि कापा फणस यांच्या गाठीतून फुटलेला कोंब, पेरूएवढं फळ, वर फणसासारखे बोथट काटे, आत केशरी गरे. वास असा की लिफ्टमधून उतरणारी माणसं नाक वर करून उभी राहत. पहिलं फळ घरधन्याला, ही रीत. दत्तारामने गरा तोंडात टाकला, डोळे मिटले.

"कसा लागता?"

"जरासा कडवाट. पण मागसून गोड येता. सासू कडू निघाली नि बायको गोड, तसा."

"माझी आवस खय कडू होती?"

"मी माझ्या सासूचा नाव घेतलंय? तुझी तू ओढून घेतंस."

चार दिवस रोज एक फळ खाल्लं आणि पाचव्या सकाळी दत्ताराम आडवा झोपलेला सापडला. उशांशिवाय, सपाट, तोंड उघडं टाकून घोरत. द्वारका घाबरून त्याच्या छातीला कान लावायला गेली. आत शीळ नव्हती. "आज पंप घेवचो लागलो नाय गो," तो म्हणाला.

ही बातमी सातव्या मजल्यावरच्या मीनल सुर्वेला कळली, म्हणजे सगळ्यांना कळली. मीनल सोसायटीच्या सेक्रेटरीची बायको, तोंडाने फाटकी, मनाने सोनं. या इमारतीत द्वारकेला 'घाडीकाकू' म्हणून पहिली हाक तिने मारली. तिची नऊ वर्षांची चिनू दम्याने हैराण. द्वारकेने दोन फळत्या झाडांतलं एक सरळ उचलून तिच्या गॅलरीत नेऊन ठेवलं. महिन्याभरात चिनू जिने चढायला लागली.

मीनल ढसाढसा रडली आणि मग कामाला लागली. "काकू, या फळाचं नाव काय?"

"फळाक कसला नाव?"

"सोसायटीची मीटिंग होती. आमचे हे म्हणतात सोसायटीचं नाव द्या. नगरसेवकाचा माणूस म्हणतो साहेबांचं द्या. मी म्हटलं, साहेबांनी काय उकिडवं बसून बांधलं होतं? फळाचं नाव द्वारका. नोंदणीचा अर्जही मी भरला. सही करा इथे."

द्वारकेने पेन धरलं. सही वाकडी आली. मीनलने मोठेपणाने काही न बघितल्यासारखं केलं.

संक्रांतीला द्वारकेने हळदीकुंकू केलं. इतर बाया वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे लुटतात, चहाच्या गाळण्या लुटतात. द्वारकेने एक्केचाळीस सवाष्णींना एक्केचाळीस कलमं लुटली, हातभर उंचीची, प्रत्येक कुंडीला हळदीकुंकवाचं बोट. सगळी तिच्या हातची, सगळी धोतऱ्यावर. त्या दिवशी नथ घालून ती दारात उभी होती आणि दत्ताराम आतून सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडत होता, "पुढे चला, पुढे चला, मागे जागा आहे!"

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पारा अठ्ठेचाळीसवर गेला आणि तिथेच मुक्काम करून राहिला. कावळे गॅलरीत चोच वासून बसत. दुपारी दीडच्या सुमाराला दत्तारामने दोन फळं खाल्ली. धूळ फार होती, छाती भरल्यासारखी वाटत होती म्हणून दोन.

तासाभराने तो पाणी मागायला लागला. तांब्याने प्यायला, तरी जीभ टाळूला चिकटलेली. तोंड लालबुंद, अंग तव्यासारखं, आणि घामाचा थेंब नाही. मग तो उठून उभा राहिला आणि भिंतीकडे तोंड करून बोलायला लागला.

"कुडाळ एक. सुट्टे द्या. अहो मास्तर, पोर मोठं आहे, अर्धं तिकीट चालणार नाही."

उजव्या हाताने तो हवेतून काहीतरी ओढून काढत होता, फाडत होता, डाव्या हाताच्या दोन बोटांनी टकटक टोचत होता. तिकिटं. पेटीतली जुनी कागदी तिकिटं. एकामागून एक, घाईघाईने, गाडी फुल्ल झाल्यासारखी.

"अवो, काय करतास? माज्याकडे बगा."

त्याने तिच्याकडे बघितलं. त्याचे डोळे काळेभोर झाले होते, काठोकाठ. "बाई, तुमचं कुठलं?" त्याने विचारलं.

रुग्णालयात त्या दिवशी व्हरांड्यातही खाटा होत्या. डॉक्टर पोरसवदा, तीन दिवस न झोपलेला. अंग तापलेलं, घाम नाही, बडबड चालू: त्याने कागदावर 'उष्माघात' लिहिलं आणि बर्फ लावायला सांगितला. त्या व्हरांड्यातल्या सगळ्यांच्या कागदावर तेच लिहिलेलं होतं. साडेपाच वाजता दत्तारामने हवेतल्या दोरीला दोन झटके दिले. डबल बेल. गाडी सुटली.

रोशन आला, दहाव्याचं उरकून गेला. जहाज थांबत नाही.

अकराव्या दिवशी द्वारका एकटी स्वयंपाकघरात बसली होती. नवऱ्याच्या आवडीचं म्हणून तेराव्याच्या पानावर ठेवायला तिने एक फळ काढलं आणि पिकलंय का बघायला कापलं. कापता कापता रडू फुटलं आणि तिने हाताच्या पाठीने उजवा डोळा पुसला. हात रसाने बरबटलेले.

तासाभराने तिला उजव्या डोळ्याने सुईचं नेढं दिसेना. गॅलरीतला उजेड त्या डोळ्यात सुरीसारखा घुसायला लागला. ती आरशासमोर गेली. डावा डोळा नेहमीचा. उजव्यात काळ्याशिवाय काही नाही.

हे डोळे तिने बघितले होते. अकरा दिवसांपूर्वी. "बाई, तुमचं कुठलं?"

ती मटकन खाली बसली नाही. तीस वर्षं कलमं बांधणारी बाई आधी खात्री करते. तिने शेजारणीने आणून ठेवलेल्या बाजारच्या डाळिंबाचा रस काढला, बोट बुडवून डाव्या डोळ्यात घातला आणि घड्याळ बघत बसली. एक तास. दीड तास. डोळा चुरचुरला, लाल झाला, पण बाहुली होती तेवढीच राहिली.

मग तिला आजोबा आठवला. दम लागला की परसातल्या धोतऱ्याची वाळकी पानं विडीत भरून ओढायचा. दोन झुरक्यांत छाती मोकळी. "एकच विडी," आजी ओरडायची, "दुसरी ओढलास तर भुतां दिसतली." दत्तारामचा दमा ज्याने पळवला, त्यानेच दत्तारामला नेलं होतं. तेच विष, तोच हात. मरण न येऊ देणारा हात.

गॅलऱ्यांत एक्केचाळीस झाडं होती. संक्रांतीची रोपं आता हिरव्या फळांनी लगडली होती, आठ-दहा दिवसांत पिकणार होती. आणि मीनलकडचं झाड तर मोठंच, रोज फळ देणारं.

ती तशीच उठली. सुतकात, पांढऱ्या कपाळाने, एका डोळ्यात काळोख घेऊन.

काय सांगायचं, हे तिने लिफ्टमध्ये ठरवलं. धोतरा हा शब्द तोंडातून काढला तर पुढचा शब्द आपोआप निघणार होता: दत्ताराम. म्हणून तिने ठरवलं, कीड.

"कीड पडलीय कलमांना. परत द्या, मी दुसरी बांधून देते."

पाचव्या मजल्यावरच्या बाईने साखळी न काढता फटीतून बघितलं. "काकू, तेरावं झालं नाही अजून. उंबरा कशाला ओलांडता?" तिसऱ्या मजल्यावरची म्हणाली, "वाण परत मागतात होय कुणी? सवाष्णीचं दिलेलं, आणि तुम्ही आता..." वाक्य तिने अर्धं सोडलं. पूर्ण करायची गरज नव्हती. एकाने तिचा डोळा बघून पोरांना आत घेतलं आणि दार लावलं. २०४३ साल. माणसं चंद्रावर मुक्काम ठोकून राहत होती आणि तळोज्याच्या तेरा मजली इमारतीत विधवेला सवाष्णीच्या दारात उभं राहायची बंदी होती. एक्केचाळीसांपैकी सात कुंड्या हाती लागल्या. बाकीच्या बायांनी दार लावल्यावर आपापल्या झाडाची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली.

मीनलने मात्र दार सताड उघडलं, तिला हाताला धरून आत घेतलं. "डोळ्याला काय झालं काकू? डॉक्टरला दाखवलं? बसा, पाणी देते."

"मीनल, ता झाड दे परत."

"कशाला?"

"कीड आसा."

मीनल गॅलरीत जाऊन आली. "एक पान खाल्लेलं नाही. काकू, असं करू नका हो. चिनूचा पंप सुटलाय, पंप! सहा महिने पोर झोपतेय माझी. तुमची अवस्था कळते मला. पण हे झाड नाही देणार मी. तुमच्या नावाचं झाड आहे ते."

आत चिनू जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. तिच्या हाताशी वाटी होती, वाटीत केशरी गरे.

द्वारकेच्या जिभेवर शब्द आला होता. धो... एवढाच यायचा होता. समोर मीनल उभी होती, या शहरातलं तिचं एकमेव माणूस, जिने तिला नाव दिलं. शब्द परत घशात गेला. ती एवढंच म्हणाली, "उन्हां आसत तवसर चिनूक देव नको. उन्हात बाधता."

"बरं," मीनल म्हणाली. वाटी उचलून तिने ओट्यावर ठेवली.

दोन दिवसांनी, तेराव्याच्या दुपारी, बारा वाजता जिन्यात किंचाळी उठली.

चिनू सातव्या मजल्याच्या पायरीवर बसून हवेतून फुलं वेचत होती. एकेक फूल चिमटीत धरून मांडीवर ठेवत होती. गाल लालबुंद. "आई, ही बघ, भिंतीतून येतायत," ती म्हणत होती. आईकडे बघत नव्हती. आदल्या रात्री शेजारच्या बांधकामाची धूळ आली होती, पोर गुदमरली होती, पंप सापडत नव्हता. मीनलने सकाळी अर्धंच फळ दिलं होतं. अर्धंच.

रुग्णालयात तोच व्हरांडा, तोच डॉक्टर, तोच बर्फ. तो कागदावर 'उ' लिहीत होता.

"उष्माघात नाय ता," द्वारका म्हणाली.

"आजी, बाहेर थांबा."

"तिचे डोळे बग. माजो डोळो बग, अजून पुरो उतराक नाय." तिने त्याचा पेन धरलेला हात पकडला. चाकूच्या रेघांनी भरलेला अंगठा त्याच्या मनगटात रुतला. मग ती त्याला कळेल अशा भाषेत बोलली, एकेक शब्द. "धोतरा आहे. त्या फळाचा खुंट धोतऱ्याचा आहे. मी बांधलाय. माझा नवरा याच खाटेवर गेला, याच फळाने. तू उष्माघात लिहिलंस."

डॉक्टरने चिनूच्या डोळ्यात बॅटरी मारली. बाहुली आकसली नाही. त्याच्या हातातलं पेन पडलं. तो धावत गेला, फोनवर ओरडायला लागला, उतारा कुठे मिळेल, कोण घेऊन येईल, किती वेळात.

व्हरांड्यात मीनल आणि द्वारका समोरासमोर उभ्या राहिल्या.

"कधीपासून माहीत होतं?" मीनलने विचारलं.

"परवापासून."

"परवा तू माझ्या दारात आलीस." चार वर्षांत पहिल्यांदा ती 'तू' म्हणाली. "माझ्या घरात बसून पाणी प्यायलीस. वाटी समोर होती. कीड म्हणालीस."

द्वारकेकडे बोलण्यासारखं जे होतं ते दोन दिवस उशिरा बोलून झालं होतं.

चिनू वाचली. उतारा दुसऱ्या रुग्णालयातून चाळीस मिनिटांत आला, आणि द्वारका बोलली नसती तर त्या चाळीस मिनिटांना काही अर्थ नव्हता, असं डॉक्टर स्वतः म्हणाला. मीनलने ते ऐकलं आणि तोंड फिरवलं.

बाकीच्यांच्या वाट्याला ती चाळीस मिनिटंही आली नाहीत. संक्रांतीच्या कुंड्यांतली फळं पिकली तशी बायांनी ती नणंदांना दिली होती, माहेरी पाठवली होती, सोबत काड्याही. धोतरा तर उकिरड्यावर फुकट मिळतो. दमा बरा करणारं, उन्हात न मरणारं फळ: कोण सोडतं? पेणला एक म्हातारा गेला, कळंबोलीत दोघं भाऊ. कंपनीने पत्रक काढलं, की खोक्यावर सूचना स्पष्ट छापलेली आहे. ती होतीच.

त्याच आठवड्यात मीनलने भरलेला अर्ज मंजूर होऊन आला. प्रमाणपत्रावर छान नक्षी होती. फळाचं नाव: द्वारका.

आरोग्य खात्याला पत्रकात लिहायला नाव हवंच होतं. ते आयतं मिळालं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात द्वारकेला पोलिसांच्या गाडीतून पनवेलच्या न्यायालयात नेत होते. पुढे पालिकेची रिक्षा चालली होती, टपावर भोंगा. "नागरिकांनो, द्वारका खाऊ नका. द्वारका विषारी आहे. घरात द्वारका आढळल्यास मुळासकट उपटून टाका." गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबायची, पुन्हा तेच म्हणायची. गाडीला पुढे जायला वाट नव्हती. द्वारका जाळीतून बघत होती. एका गॅलरीत एक बाई कुंडीवर ओलं गोणपाट टाकत होती. उपटत नव्हती. झाकत होती.

शेजारी बसलेली शिपाई पूनम, पंचविशीची पोर, बराच वेळ चुळबुळ करत होती. पुढच्या सीटवरच्या साहेबाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिने विचारलं, "आजी, एक विचारू? माझ्या आईला दमा आहे. रात्र रात्र बसून असते. एखादी फोड, पावसाळ्यात, ऊन नसताना... चालेल का?"

द्वारकेने तिच्याकडे बघितलं. पोलिसांना दिलेल्या तिच्या जबाबात 'अनवधानाने', 'माहिती नसताना' असे शब्द होते. ते वकिलाचे होते.

"माझ्या घोवाक मी मारलंय," ती म्हणाली. "ह्याच हातान. तेका दमोच होतो."

भोंगा पुढच्या गल्लीत वळला. द्वारका उपटून टाका, द्वारका उपटून टाका. गाडी हलली. पूनम खाली मान घालून टोपीची कड चाचपत राहिली. मग तिने पुन्हा मान वर केली.

"पण आधी बरं वाटत होतं ना त्यांना?"